किल्ली आणि खातेवही



क्रिप्टोकरन्सी ही क्रांती की जुगार, हा वाद आपल्या मंडळींत बरेचदा रंगतो. तो इथे पुन्हा घालायचा नाही. प्रश्न वेगळा आहे: हे चलन जिथे विकले-घेतले जाते त्या एक्स्चेंजची रचना कशी असावी? आपल्यातले अनेकजण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. अशा यंत्रणा बांधणारे हात आपले आणि त्यांत पैसे ठेवणारे भाऊबंदही आपलेच.

बिटकॉइनची कल्पना २००८ साली मांडली गेली ती मध्यस्थ नको म्हणून. पण सामान्य ग्राहक एखाद्या कंपनीच्या एक्स्चेंजवर नाणे घेतो, तेव्हा त्या सौद्याची नोंद सहसा ब्लॉकचेनवर होतच नाही. कंपनीच्या खातेवहीत एकाचा आकडा कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो, इतकेच. ब्लॉकचेनशी गाठ पडते ती नाणी आत येताना आणि बाहेर जाताना. किल्ल्याही कंपनीकडेच. म्हणजे मध्यस्थ गेला नाही, फक्त बदलला. आणि बँकेतल्या ठेवीला असतो तसा विमा या नाण्यांना भारतातही नाही आणि अमेरिकेतही नाही.

अभियंत्यांच्या गप्पा मात्र सौदे किती वेगाने जुळतात याच्याच. बुडालेल्यांचा इतिहास वेगळे सांगतो. टोकियोच्या माउंट गॉक्सने २०१४ साली साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाल्याचे जाहीर केले. त्यातले दोन लाख पुढे सापडले. वहीतला आकडा आणि तिजोरीतली नाणी यांचा रोज ताळा घेतला असता, तर ही गळती वर्षानुवर्षे लपली नसती. २०२२ साली कोसळलेल्या एफटीएक्समध्ये इतर ग्राहकांची शिल्लक शून्याखाली जाऊ नये असा नियम होता, पण मालकाच्याच अलामेडा या कंपनीला प्रोग्राममध्येच सूट दिलेली होती. ती सूट कोणीतरी टाइप केली होती, हे विसरू नये. २०२५ साली बायबिटमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. तिथे अनेकांच्या सह्या लागत होत्या. पण सह्या करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसत होते आणि सही भलत्यावरच होत होती.

हे फक्त क्रिप्टोचे दुखणे नव्हे. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बिल्डर समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखवल्याचे उघड झाले. मुंबईतल्या किती घरांचे हाल झाले ते आपण जाणतो. संगणक होता, लेखापरीक्षण होते. नव्हती ती वही लिहिणाऱ्यावर खरी नजर.

म्हणून चांगल्या रचनेचा पाया म्हणजे सत्तेचे विभाजन. सौदे जुळवणारा, वही लिहिणारा आणि तिजोरी उघडणारा भाग वेगळे हवेत, आणि एकाच माणसाला तिन्हींवर हुकूम चालवता येऊ नये. वहीतली नोंद खोडता येऊ नये. चूक झाली तर उलटी नोंद करावी, जुन्या मुनीमजींसारखी. बहुतेक नाणी इंटरनेटपासून तुटलेल्या तिजोरीत असावीत आणि सही करणाऱ्याने काय सही करतो आहोत ते स्वतंत्र यंत्रावर तपासावे. ‘आमच्याकडे इतकी नाणी आहेत’ असा गणिती पुरावा हल्ली काही कंपन्या देतात. तो स्वागतार्ह, पण अपुरा. कारण देणी किती हे लपले तर नुसत्या शिलकीला अर्थ नाही.

लोकशाहीत राज्यकर्ता सज्जन आहे असे गृहीत धरून आपण राज्यघटना लिहीत नाही. मग लोकांच्या आयुष्यभराच्या बचतीची यंत्रणा मालकाच्या सज्जनपणावर का उभारायची? पुढच्या वेळी रचनेच्या बैठकीत कोणी ‘या एका खात्याला अपवाद करा’ म्हणाले, तर कोणासाठी आणि का, हे विचारण्याची जबाबदारी तिथे बसलेल्या आपल्या माणसाची आहे. उत्तर लेखी मागावे. मिळाले नाही, तर तो अपवाद लिहू नये.

- संपादक