मुक्कामाची जागा



जुन्या वास्तू जपल्या पाहिजेत, असे आता सगळेच म्हणू लागले आहेत. किल्ले, वाडे, वेशी आणि बारवांच्या जोडीला जुन्या सराया, धर्मशाळा, डाक बंगले आणि त्यांच्या पागाही वारसा म्हणून पाहिल्या जातात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला पाहायला शाळांच्या सहली जातात. बोरी नदीच्या बंधाऱ्यातला १६१३ सालचा पाणीमहाल पाहून मुले हरखून जातात. ते पाहावेच. पण उतरण्याची कोणतीही जुनी जागा पाहताना आपल्या मुलांनी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. इथे रात्री कोण झोपत होते? घोड्याला वैरण कोण घालत होते? आणि दाराबाहेर कोणाला उभे केले जात होते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरात आहे. गावात अंमलदार आला की त्याच्या घोड्याला चारा आणायचा, सरपण आणायचे, सामान डोक्यावर वाहायचे, रात्रभर मुक्कामाची राखण करायची आणि पहाटे पुढच्या गावाची वाट दाखवायची, ही सारी कामे महाराच्या वतनात मोडत होती. त्याबद्दल मिळायचा जमिनीचा तुकडा, बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. घोडा छपराखाली आणि राखणदार उघड्यावर! तेव्हा पागेची भिंत ज्याने बांधून घेतली त्याचे नाव शिलालेखात असेल, पण तिच्यात आपल्या आजोबा-पणजोबांचाही घाम आहे. वारसा सांगायचा तर तोही सांगितला पाहिजे.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आल्यावर ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, पण शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव लावून ते राहिले. रोजचे भाडे दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली दहा-बारा माणसे जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा दम देऊन गेली. बाबासाहेबांनी त्या दिवसाचे काही तास कामाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या सराईचे खांब कसे होते, नक्षी कशी होती, हे आज कोणी विचारत नाही. बागेतले झाड मात्र संकल्पभूमी म्हणून लोक शोधत येतात. वास्तूची किंमत चुन्या-विटांवर नव्हे, तिथे माणसाशी माणूस कसा वागला यावर ठरते.

आता आपल्या जिल्ह्यातल्या मुक्कामाबद्दल. कुर्डुवाडी-लातूर रेल्वेमार्गावर कसबे तडवळे हे गाव आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली. त्या परिषदेला बाबासाहेब आले आणि गावातल्या शाळेच्या इमारतीत त्यांचा मुक्काम झाला. परिषदेच्या नावाकडे नीट पाहा. महार आणि मांग, दोन्ही समाज एका मांडवात! आणि विषय होता वतनाचा, म्हणजे त्याच चारा-वैरणीच्या गुलामगिरीचा. वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडले होते. वतने कायद्याने रद्द होईपर्यंत १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. ज्यांना दुसऱ्यांच्या मुक्कामाची राखण करावी लागत होती, त्यांचा पुढारी त्या रात्री शाळेत मुक्कामाला होता. ज्या काळी आपल्या मुलांना शाळेत वेगळे बसवत असत, त्या काळातली ही गोष्ट आहे. आमच्या मते जिल्ह्यातल्या कुठल्याही सराईपेक्षा या शाळेचे मोल मोठे आहे.

असा विचार फक्त आपणच करतो असे नाही. अमेरिकेत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. म्हणून अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात ए. जी. गॅस्टन या काळ्या व्यावसायिकाने १९५४ साली आपल्या लोकांसाठी हॉटेल काढले. १९६३ च्या लढ्यात मार्टिन ल्यूथर किंग तिथेच उतरले, तिथेच बैठका झाल्या आणि त्याच हॉटेलवर बाँबही टाकला गेला. २०१७ साली त्या साध्यासुध्या हॉटेलाचा राष्ट्रीय स्मारकात समावेश झाला. तिथे ना घुमट, ना कमान. लढणाऱ्या माणसांना रात्री पाठ टेकायला जागा मिळाली, हेच त्याचे मोठेपण.

मग आपण काय करायचे? मोठा निधी आणि मोठा पुतळा यांची वाट पाहत बसू नये. १९४१ साली जे मूल दहा वर्षांचे होते, त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. आपल्या गावात, आपल्या नात्यात असे कोणी असेल तर त्यांच्यापाशी बसावे. चळवळीची माणसे कोणाच्या घरी उतरत, भाकरी कोणी थापल्या, गाडी कोणी जुंपली, बैल कुठे बांधले, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. हे काम माता-भगिनी अधिक चांगले करतील, कारण पाहुण्यांच्या भाकरी थापणारे हात त्यांच्याच आई-आजीचे होते आणि त्यांची नावे कुठल्याच ठरावात नाहीत. जुने घर पाडायचे ठरलेच, तर निदान पाडण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढून ठेवावा आणि कोण कधी उतरले होते ते मागे लिहावे.

येत्या २२ फेब्रुवारीला मुलांना घेऊन तडवळ्याला जावे. भिंतीवर नावे कोरू नयेत, गुलाल फासू नये. शाळेसमोर शांतपणे उभे राहून मुलांना एवढेच सांगावे की, बाळांनो, आपल्या माणसांना एकेकाळी कुठेही उतरायला जागा नव्हती. ज्यांनी ती मिळवून दिली, त्यांचा एक मुक्काम इथे झाला होता.

जय भीम! नमो बुद्धाय!