हे कोणी करावयाचे?

विवाहाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे वाद माजले, त्यांची दफ्तरे चाळून पाहणाराला एक गोष्ट सहज आढळून येते. ती अशी की, सुधारणेला विरोध करणारे पुष्कळदा सुधारणा वाईट आहे असे म्हणतच नाहीत. ती ज्यांच्या हातून होऊ घातली आहे त्यांना ती करण्याचा अधिकार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे असते. १८९१ साली संमतिवयाचे विधेयक आले तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून जो हल्ला चढविला त्याचा मुख्य रोख, परक्या सरकारने आमच्या आचारात कायद्याने हात घालू नये, या मुद्द्यावर होता, कोवळ्या मुलींना संसाराला जुंपणे श्रेयस्कर आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले नव्हते. पुढे परके सरकार गेले आणि स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री डॉ. आंबेडकर हिंदू कोड बिल घेऊन उभे राहिले, तेव्हा त्याच आक्षेपाने नवा वेष धारण केला: ही संसद हंगामी आहे, प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, सबब इतक्या मोठ्या प्रश्नाचा निकाल लावण्याचा हक्क तिला पोहोचत नाही. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या प्रमुख कारणांत या बिलाची झालेली परवड हे एक होते.

समलिंगी विवाहाचा प्रश्न आज ज्या जागी येऊन अडकला आहे, ती जागा पाहिली म्हणजे या जुन्या इतिहासाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सुप्रियो चक्रवर्ती आणि इतरांच्या याचिकांवर निकाल दिला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची शब्दरचना बदलून त्यात समलिंगी जोडप्यांना सामावून घेणे हे न्यायालयाचे काम नव्हे, या दोन मुद्द्यांवर पाचांचेही एकमत झाले. विवाह नव्हे तरी अशा सहजीवनाला काही कायदेशीर मान्यता मिळाली पाहिजे, असे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचे मत पडले. उरलेल्या तिघांना तेही मान्य झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या, आणि सरकार पक्षाने प्रारंभापासून जे सांगितले होते, की हा विषय संसदेच्या कक्षेतला आहे, ते न्यायालयाच्या शिक्क्यानिशी कायम झाले.

या निकालाने अनेकांची निराशा झाली, आणि ती स्वाभाविक होती. तथापि, निकालातील कक्षेसंबंधीचे विवेचन निव्वळ भित्रेपणाचे होते असे मला वाटत नाही. विशेष विवाह कायद्यात वराचे वय २१ आणि वधूचे १८ सांगितले आहे. निषिद्ध नात्यांच्या याद्या पुरुषासाठी निराळ्या आणि स्त्रीसाठी निराळ्या आहेत. घटस्फोटाची काही कारणे एकट्या पत्नीलाच उपलब्ध आहेत. आणि पोटगी, वारसा, कौटुंबिक हिंसा यांविषयीच्या कायद्यांत पती आणि पत्नी हे शब्द जागोजाग पेरलेले आहेत. एका ठिकाणचा शब्द बदलला तर दुसऱ्या दहा ठिकाणी त्याचा काय अर्थ करावयाचा, हे ठरविण्यास मसुदा तयार करणारे खाते, साक्षी घेणारी समिती आणि कलमवार चर्चा करणारे सभागृह लागते. म्हणून हे कोणी करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर ‘संसदेने’ असे असेल, तर ते मान्य करण्यास मला अडचण वाटत नाही. परंतु ज्याने अधिकार आपला म्हणून सांगितला, त्याच्याकडे त्या अधिकाराच्या वापराचा जाब मागणे हे ओघानेच येते. आणि तो जाब मागू लागले म्हणजे जे दृश्य दिसते ते समाधानकारक नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमात दुरुस्ती सुचविणारे खाजगी विधेयक लोकसभेत आणण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती २४ विरुद्ध ७१ मतांनी नाकारली गेली. म्हणजे विधेयक नामंजूर होण्याचाही प्रसंग आला नाही, ते मांडूच दिले गेले नाही. एप्रिल २०२२ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी असे विधेयक मांडले. त्या लोकसभेच्या मुदतीबरोबर तेही संपुष्टात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यसभेत सत्तारूढ पक्षाचे सुशीलकुमार मोदी यांनी, दोन न्यायाधीशांनी बसून असा सामाजिक प्रश्न ठरवू नये, तो संसदेत आणि समाजात चर्चिला जावा, असे बजावले. चर्चा व्हावी हे म्हणणे रास्तच होते. फक्त ती चर्चा त्यानंतर झाली नाही. १८६२ पासून अंमलात असलेले ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द झाले तेही संसदेच्या हातून नव्हे, तर ६ सप्टेंबर २०१८ च्या न्यायालयीन निकालाने. संसदेने या बाबतीत स्वतः लेखणी उचलली ती भारतीय न्याय संहिता लिहिताना, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्या संहितेतून ते कलम समूळ वगळले गेले. परंतु त्याचबरोबर प्रौढ पुरुषावर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा देणारा जो एकच आधार त्या कलमात उरला होता, तोही निघून गेला. संसदीय समितीने तो राखावा अशी शिफारस केलेली असतानाही हे घडावे, यावरून या नागरिकांच्या प्रश्नांकडे किती लक्ष दिले जाते याची कल्पना येते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. न्यायालयास दिलेल्या आश्वासनानुसार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात काही सूचना जाहीर झाल्या: जोडीदारांना एका शिधापत्रिकेवर एक कुटुंब मानावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व नामनिर्देशन करण्यास प्रतिबंध नाही, आणि जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. ज्यांनी हे अपमान सोसले आहेत त्यांना या सूचनांचे मोल कळेल. पण परिपत्रक हे कायद्याच्या जागी उभे राहू शकत नाही. बँकेच्या खात्यावर नाव लावलेली व्यक्ती त्या रकमेची मालक होत नाही. वारसांच्या वतीने ती स्वीकारणारी होते, आणि वारस कोण हे उत्तराधिकाराचा कायदाच ठरवितो. मृत्युपत्र करून ठेवले नसेल, तर वीस वर्षे एका छताखाली काढलेल्या जोडीदाराच्या आधी, वीस वर्षांत तोंडही न पाहिलेला भाऊ मिळकतीत उभा राहतो. कुटुंबनिवृत्तिवेतनावर हक्क नाही. पतीने पत्नीस दिलेली देणगी आयकरातून मुक्त असते. एका जोडीदाराने दुसऱ्यास दिलेल्या ५०,००० रुपयांवरील देणगीस ती सवलत नाही, आणि हा भेद मुंबई उच्च न्यायालयापुढे आव्हानित झालेला आहे. म्हणजे संसद गप्प राहिली म्हणून वाद मिटत नाहीत; ते एकेक कलम घेऊन पुन्हा न्यायालयाच्याच दारी जातात, आणि ज्यांना न्यायालयाचा हस्तक्षेप रुचत नाही त्यांचे मौनच त्या हस्तक्षेपाला आमंत्रण देत राहते.

समाज अद्याप तयार नाही, हे यावर दिले जाणारे नेहमीचे उत्तर. परंतु आपला समाज विवाहाच्या कोणत्या सुधारणेला आधी तयार झाला होता? १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला तेव्हा त्याच्या विरोधी अर्जांवरील सह्या विद्यासागरांच्या अर्जावरील सह्यांहून कितीतरी पटींनी अधिक होत्या. आणि त्या कायद्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हाही मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कारच घातला. १९१९ साली शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, तेव्हा करवीरच्या प्रजेचा कौल त्यांनी मागविला नव्हता. कायद्याने समाजाचे मन एका रात्रीत पालटत नाही. पण ज्या थोड्यांना वेगळ्या रीतीने जगावयाचे आहे त्यांच्या मिळकतीला, अपत्यांना आणि म्हातारपणाला तो संरक्षण देतो, आणि उरलेल्यांना त्यांच्या संथ गतीने विचार करण्यास अवसर ठेवतो.

ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असा एक आरोप सरकारच्या कैफियतीत होता. १९८७ साली मध्यप्रदेशाच्या पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी एकमेकींशी विवाह केला आणि त्या नोकरीस मुकल्या. शिपायाच्या पगारावर जगणाऱ्या त्या दोघींना उच्चभ्रू म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाला काही अर्थ उरणार नाही. आणि हा विषय पश्चिमेकडून काल-परवा आला, असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्या’ची आठवण ठेवावी. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. पण लोक हे प्रश्न तेव्हाही विचारीत होते, एवढे त्या दप्तराने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

विवाह हा वंशवृद्धीसाठी असतो, या आक्षेपाचा परामर्श थोडक्यात घेता येईल: साठीच्या वधूवरांना नोंदणी अधिकारी अपत्याविषयी विचारीत नाही. धर्मविधींचा प्रश्न तर येथे उद्‌भवतच नाही, कारण न्यायालयाने सुनावणी विशेष विवाह कायद्यापुरतीच मर्यादित ठेवली होती, आणि त्या कायद्याखालच्या विवाहास ना भटजी लागतो ना काझी. कोणत्याही धर्मगुरूला त्याच्या श्रद्धेविरुद्ध विवाह लावण्याची सक्ती करावी, असे कोणी मागितलेले नाही.

करावयाचे ठरविले तर मार्ग दुर्गम नाही. तैवानच्या घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये विधिमंडळाला दोन वर्षांची मुदत दिली. मधल्या काळात सार्वमताचा कौल विरुद्ध गेला असताही तेथील विधिमंडळाने मूळ नागरी संहितेला हात न लावता स्वतंत्र कायदा केला, आणि तो मे २०१९ पासून लागू झाला. थायलंडने जानेवारी २०२५ पासून आपल्या संसदेच्या कायद्यानेच असे विवाह सुरू केले. आपल्याकडचाच दाखला हवा असेल तर हिंदू कोडाचा आहे. अखंड स्वरूपात जे बिल पार पडेना, ते १९५५ आणि १९५६ या दोन वर्षांत चार निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. त्याच रीतीने आज सहजीवनाची नोंदणी, वारसा, निवृत्तिवेतन आणि उपचारांसंबंधीचे निर्णय या बाबींसाठी एक आटोपशीर कायदा आधी करावा, आणि विवाह हे नाव देण्याचा व दत्तकाचा वाद त्यानंतर सावकाश चालवावा, असे कोणी सुचविले तर ते पुष्कळांना अपुरे वाटेल; मलाही वाटते. पण ते विचारार्ह तरी आहे.

आता टिळकांचा आक्षेप शिल्लक नाही, कारण सरकार परके नाही. हिंदू कोडाच्या विरोधकांचा आक्षेपही शिल्लक नाही, कारण संसद हंगामी नाही. न्यायालय तर स्वतःच बाजूला झाले आहे. कोणी करावयाचे हा प्रश्न अशा रीतीने पुरता निकालात निघाल्यावर, करावयाचे की नाही एवढेच सांगणे बाकी राहते. संसदेचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर ते तिने सभागृहात विधेयक घेऊन, कारणे देऊन आणि प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून द्यावे. अशा नकाराशी वाद घालता येतो, त्याची कारणे खोडून काढता येतात, आणि पुढच्या निवडणुकीत तो देणाराला त्याविषयी विचारता येते. नुसत्या मौनाच्या बाबतीत यांपैकी काहीच करता येत नाही, आणि म्हणूनच ते लोकनियुक्त सभागृहाला शोभत नाही.