गवळणींच्या ठसक्याचं गाणं

पेणहून महामार्गाने वडखळ, डोलवी मागे टाकलं की गडब येतं. खारेपाटातल्या या आगरी मुलखात हळदीची रात्र गाण्यांनी जागते. धवलारीण धवळे म्हणते ते लग्नविधीचे, गंभीर. पण आम्हाला ओढ आहे ती थट्टेच्या गाण्यांची. त्यातही गावभर डोळे मिचकावत फिरणाऱ्या छबकड्याची खोड मोडणाऱ्या.

या छबकड्याचा मूळपुरुष गवळणीतला कृष्ण. सोळाव्या शतकात एकनाथांनी गवळणी रचल्या, त्यांत खोडीआड भक्ती होती. तमाशात गणानंतर गवळण आली आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायकांची वाट अडवणारा देव चक्क दाण, म्हणजे जकात, मागू लागला. सोबतीला त्याचा सवंगडी पेंद्या. समोर गवळणींची मावशी, पुरुषानेच रंगवलेली, सवालाला जवाब देणारी. खरी गंमत तिच्याच तोंडी असते! रंगेल गडी देखणा असेल, गोड बोलेल, पण प्रेक्षक हसतात ते त्याची फजिती झाल्यावर.

हळदीच्या रात्रीची थट्टेची गाणीही अशीच फजिती करतात. म्हणून त्यांना उथळ म्हणणं आम्हाला मान्य नाही. बाईला भर मांडवात, सासरमाहेरच्या देखत, पुरुषाच्या चाळ्यांवर बोट ठेवता येतं, ते इथे. आता मांडवात डीजे वाजतो. म्हणून गडबच्या आयाबायांनो, तुमच्या ओठांवरची गाणी आम्हाला लिहून पाठवा, चालीसकट.