आधी पोलिसाने विचारावे

प्रति,
मिनेसोटा विधिमंडळाचे सर्व २०१ सन्माननीय सदस्य,
स्टेट कॅपिटॉल, सेंट पॉल



इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवते आहे. ही मराठी प्रत आमच्या लोकांसाठी आहे. तुमच्या रस्त्यांवर तेही गाड्या चालवतात आणि त्यांतले काही तुमचे मतदारही आहेत.

तुमच्या कायद्यात एक कलम आहे. पिस्तूल बाळगण्याचा परवाना असलेल्या माणसाला पोलिसाने 'हत्यार जवळ आहे का' असे विचारले, तर त्याने खरे सांगायचे. विचारले नाही, तर आपण होऊन सांगण्याचे बंधन नाही. परवान्याचे कार्ड घरी विसरले, तर पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त २५ डॉलर. वाचताना सगळे समंजस वाटते. पण ६ जुलै २०१६ च्या रात्री फॅल्कन हाइट्समध्ये पोलिसाने गाडी थांबवलेल्या परवानाधारक फिलँडो कॅस्टीलने या कलमाने मागितले होते त्याहून जास्तच केले. कोणी विचारले नव्हते, तरी त्याने सांगितले, आणि तो पोलिसाच्या गोळ्यांनी मेला.

पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण खटल्याच्या निकालानंतर लोकांसमोर आले. ते तुमच्यापैकी किती जणांनी पुरते पाहिले असेल, कोण जाणे. अधिकारी जेरोनिमो यानेझ खिडकीशी येतात, ब्रेकचा दिवा बंद असल्याचे सांगतात आणि लायसन्स व इन्शुरन्स मागतात. कॅस्टील इन्शुरन्सचे कार्ड देतो. मग, आवाज न चढवता, 'सर' म्हणून, आपल्याजवळ बंदूक आहे हे तुम्हाला सांगायला हवे, असे तो म्हणतो. तिला हात लावू नका, असे उत्तर येते. मी ती काढत नाहीये, असे तो म्हणतो. काढू नका, असा ओरडा होतो आणि सात गोळ्या सुटतात. शेजारी त्याची मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी.

या बोलण्यातला क्रम बघा. लायसन्स दाखवण्याचा हुकूम आधीच दिलेला होता आणि कोणी तो मागे घेतला नव्हता. खिशात हात घातल्याशिवाय लायसन्स निघत नाही, आणि बंदूक असल्याचे सांगितल्यावर हात हलवणे म्हणजे मरणाला बोलावणे. मैत्रीण म्हणाली, तो लायसन्सच काढत होता. यानेझ म्हणाले, त्याचा हात पिस्तुलाकडे गेला. १६ जून २०१७ रोजी ज्यूरीने यानेझ यांना निर्दोष ठरवले. त्या निकालावर मला इथे भांडायचे नाही. मला भांडायचे आहे ते तुमच्याशी. खिडकीपाशी कोणी आधी काय बोलायचे, हे ठरवणे तुमच्या हातात होते आणि आजही आहे.

या प्रश्नावर दोन पक्ष हमखास भेटतात. पहिला म्हणतो, काच खाली जाताच सांगून टाकावे. मिशिगनमध्ये तोच कायदा आहे. परवानाधारकाने ताबडतोब सांगितले नाही, तर पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. दुसरा पक्ष म्हणतो, तोंड मिटून बसावे, सांगितल्याने पोलीस उगाच बिथरतो. पेन्सिल्व्हेनियात आपण होऊन सांगण्याची सक्ती नाही. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलला, आणि परवानाधारकाने हे सगळे पाठ करून गाडी चालवायची. वरवर हे दोन पक्ष एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण ओझे दोघेही एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवतात. रात्री, डोळ्यांवर टॉर्च असताना, घाबरलेल्या माणसाने अचूक वेळी अचूक शब्द बोलायचे. प्रशिक्षण घेतलेल्या, पगारी माणसावर मात्र एकही वाक्य बोलण्याची सक्ती नाही.

'ताबडतोब सांगा' या नियमाचे काय होते, ते ओहायोतल्या कँटनमध्ये २०११ साली दिसले. तिथे तेव्हा वेळेवर न सांगणे हा गुन्हा होता. गाडीतला माणूस परवान्याचे कार्ड हातात धरून सांगू पाहत होता, आणि पोलीस त्याला गप्प बसवत होता. पुढे बंदूक असल्याचे कळल्यावर, आधी का सांगितले नाहीस म्हणून त्याच पोलिसाने त्याला गोळ्या घालण्याची भाषा केली. हेही कॅमेऱ्यात आहे. ओहायोने २०२२ मध्ये ती सक्ती काढली. आता विचारले तरच सांगायचे. म्हणजे ते तुमच्या पायरीवर येऊन थांबले. माझी विनंती आहे की तुम्ही आणखी एक पायरी चढावी.

गाडी थांबवणाऱ्या अधिकाऱ्याने, कोणताही कागद मागण्याआधी, ठरलेल्या शब्दांत विचारावे: गाडीत हत्यार आहे का? हात स्टिअरिंगवर ठेवूनच उत्तर द्या. उत्तर 'हो' आले, तर आधीचे सगळे हुकूम रद्द समजावेत आणि पुढची प्रत्येक हालचाल अधिकाऱ्याने एकेक करून सांगावी. नुसते 'हो' म्हटले म्हणून कोणाला बेड्या घालू नयेत, की गाडीची झडती घेऊ नये. अधिकाऱ्याने विचारलेच नाही, तर न सांगितल्याचा ठपका गाडीवाल्यावर येऊ नये. हे कायद्यातच लिहा. खात्याच्या परिपत्रकावर सोडू नका. परिपत्रक नवा शेरिफ आला की बदलते.

यावर एक हरकत येईल, आणि ती मला अर्धी पटते. प्रत्येकाला बंदुकीबद्दल विचारायचे म्हणजे ज्याच्याकडे टाचणीही नाही त्यालाही संशयित करायचे. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना तर त्या प्रश्नाने घाम फुटेल. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद सोडला, तर बंदूक बाळगता येत नाही, आणि तुमचा परवाना नागरिकांना व ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो. पण सर्वांना सारखा विचारलेला प्रश्न हा चेहरा पाहून विचारलेल्या प्रश्नापेक्षा बरा. कॅस्टीलची गाडी थांबवण्याआधी यानेझ यांनी रेडिओवर काय सांगितले होते, आठवा: गाडीतला माणूस एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, कारण त्याचे नाक रुंद आहे.

पोलिसांची भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. गाडी थांबवताना पोलीस मारले गेले आहेत. पण ज्याचा गोळी झाडण्याचा बेत आहे तो आपण होऊन सांगणार नाही, की विचारल्यावर खरेही बोलणार नाही. सांगतो तो कायदा पाळणारा. त्या माणसाला तरी घरी जाता यावे, एवढी व्यवस्था तुम्ही करू शकता.

कॅस्टील तुमच्या कॅपिटॉलच्याच गावात, जे. जे. हिल माँटेसरी शाळेच्या जेवणघरात काम करत होता. कोणत्या मुलाला काय चालत नाही हे त्याला तोंडपाठ होते, असे तिथले लोक सांगतात. त्याच्या मागे त्याच्या नावाने निधी उभा राहिला आणि त्यातून मुलांच्या जेवणाच्या थकबाक्या फेडल्या गेल्या. २०२३ मध्ये तुम्ही राज्यातल्या शाळांत जेवण मोफत केले. चांगले केले. पण तो ज्या प्रश्नापायी मेला, त्याला अजून हात लागलेला नाही.

आता दोन शब्द आमच्या मंडळींसाठी. पुण्यात शिट्टी वाजली की आपण गाडीतून उतरून कागद घेऊन साहेबांकडे जातो. इथे ते चुकूनही करू नका. गाडी कडेला घ्या, आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि मागितल्याशिवाय ग्लव्ह बॉक्स उघडू नका. लायसन्स कुठे आहे ते आधी सांगा आणि मगच हात हलवा. माझी मुलगी गाडी शिकते आहे. तिलाही हेच सांगितले आहे. घरात कोणी परवानाधारक असेल, तर त्याने 'हो, आहे' म्हणताना हात मुळीच हलवू नयेत, आणि पोलीस पुढचे सांगेपर्यंत थांबावे.

विधिमंडळाच्या सदस्यांनो, हे आम्ही आमच्या मुलांना शिकवतो आहोत. पोलिसांना काय शिकवायचे ते तुम्ही पुढच्या अधिवेशनात कायद्यात लिहा.

आपली,
सेंट पॉलमधील एक मराठी मतदार