जीन आहे हो, पण चालू आहे का?

परवा तीर्थपुरीहून काकांचा फोन. बोंडं फोडून बघितली तर आत गुलाबी अळी. "पाकिटावर बीटी लिहिलंय की रे, मग?" या "मग?"ला कुणी धड उत्तर देत नाही, त्या वैतागातून हे लिहितोय.

आमच्या धंद्यात नवखा पोरगाही म्हणत नाही, की कोड सर्व्हरवर टाकला म्हणजे तो चालतोयच. आधी लॉग बघतो. बियाण्याच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली मंडळी "जीन आहे ना, झालं तर" म्हणून मोकळी! अहो, जीन असणं वेगळं आणि त्या पेशीत, त्या दिवशी तो चालू असणं वेगळं. चालू असेल तर त्याच्या आरएनए नकला निघतात, त्यावरून प्रथिन बनतं, आणि अळी मरते ती त्या प्रथिनाने.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच दाखवलं होतं, की बीटी कपाशीत हे विष पानांत सगळ्यात जास्त, बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात अपुरं, आणि झाड म्हातारं होईल तसं आणखी कमी. म्हणजे अळी जिथे खाते तिथेच पहारा ढिला. (तो अभ्यास हिरव्या बोंडअळीवरचा. गुलाबी तर आता हे विष पचवायलाही शिकलीये. शिवाय संकरित कपाशीच्या बोंडात सरकीच्या दर चार दाण्यांपैकी सरासरी एकात क्राय१एसी जीनच नसतो. असो.)

पण असली मोजणी पान-बोंड वाटून होते. वाटलं की सरासरी कळते, कुठली पेशी झोपली होती ते नाही. जिवंत पेशीत बघायची सोय मात्र आहे. १९९८ मध्ये रॉबर्ट सिंगर यांच्या गटाने यीस्टमध्ये ती करून दाखवली: आरएनएला एमएस२ या विषाणूतले छोटे फास जोडायचे, त्यांना पकडणाऱ्या प्रथिनाला हिरवा चमकणारा जीएफपी लावायचा. आरएनए दिसतो, ठिपक्यासारखा, हलताना! तसल्याच युक्तीने २०२१ मध्ये वनस्पतींतही पाहिलं गेलं: एकाच पानात शेजारशेजारच्या पेशी, एकीत जीन चालू, दुसरीत गप्प.

यावर ठरलेला टोमणा येतो, "ठिपके बघून शेतकऱ्याचं पोट भरतं का?" नाही भरत. पण न बघता विकलेल्या पाकिटाने भरलं का? हीच नजर कपाशीच्या बोंडावर लावा, एवढंच मागणं आहे.

काकांना मी सांगितलं, यंदा फरदड घेऊ नका. म्हणाले, "ते कृषी सहायकही सांगतो. तू बीटीचं बोल."