मागच्या भोकातली पिन

मैत्रिणींनो, आपल्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा एखाद्या घरात राऊटरशेजारी एक काळी पेटी दिसते. घरातल्या साऱ्या मोबाइलमधले फोटो तिच्यात साठतात आणि हैदराबादला शिकणारी लेकही ते तिथून पाहू शकते. तिला ‘नॅस’ म्हणतात. तुम्ही खुशाल फोटोंची पेटी म्हणा.

परवा मधल्या सुट्टीत एका सहशिक्षिकेने विचारलं, “मॅडम, पेटीचा पासवर्डच विसरला. मागच्या भोकात पिन घालून रीसेट करू का? बारशाचे फोटो तर जाणार नाहीत ना?”

प्रश्न लाखमोलाचा आहे, कारण रीसेट हा शब्द एक, पण त्याखाली दोन अगदी वेगळी कामं होतात. सिनॉलॉजीच्या पेटीचं बटण साधारण ४ सेकंद, एक बीप ऐकू येईपर्यंत दाबलं की पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी मूळ स्थितीत येते. फोटो जागच्या जागी राहतात. क्यूनॅपमध्ये ३ सेकंदांच्या एका बीपला हेच होतं. मात्र १० सेकंद धरून ठेवलंत तर दोन बीप होतात आणि सगळीच मांडणी कोरी होते. फोटो तेव्हाही आत असतात, पण फोल्डर पुन्हा जोडत बसावे लागतात. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजतो तसे बीप मोजा आणि पहिल्यालाच हात काढा. दुसऱ्या कंपनीची पेटी असेल तर आधी तिची पुस्तिका वाचा.

खरा धोका पडद्यावरच्या ‘सर्व डेटा पुसा’ अशा अर्थाच्या पर्यायात आहे. तो दाबला की पेटी दुकानातून आणली तशी रिकामी!

आणि बरं का, हे काम आपल्याच हातून व्हायला हवं असंही नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ पेट्या जगभर अनेकांच्या घरी एकाएकी कोऱ्या झाल्या. बटणाला कुणी बोटही लावलं नव्हतं. २०१० साली निघालेल्या त्या पेट्यांना २०१५ नंतर सुधारणा मिळाली नव्हती. फॅक्टरी रीसेटपूर्वी पासवर्ड विचारणारा भाग प्रोग्रॅममध्ये बंदच करून ठेवलेला होता, आणि हल्लेखोरांनी इंटरनेटवरून तो हुकूम सोडला. पेटी इंटरनेटपासून तोडा, असं कंपनीला सांगावं लागलं.

त्या पेट्यांत फिरती हार्ड डिस्क होती, म्हणून थोडीफार आशा तरी होती. हार्ड डिस्क पाटीसारखी असते, पुसली तरी पुसट अक्षरं उरतात. नव्या पेट्यांत एसएसडी घालता येते. ती वेगवान, आवाज नाही, फिरणारा भाग नाही. मला स्वतःला ती आवडते. पण पुसलेली जागा ती मागाहून स्वतःच रिकामी करून टाकते. मग तज्ज्ञाकडे नेऊनही बहुधा काही हाती लागत नाही.

“आमच्याकडे दोन एसएसडींचा पूल आहे,” असं कुणी म्हणेल. पूल म्हणजे दोन-चार डिस्क मिळून केलेलं एकच कोठार. आरशासारखी मांडणी असेल तर एक डिस्क बिघडली तरी दुसरीत सारं असतं. परंतु फोटो पुसला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो, आणि पूलच मोडला तर बोलायलाच नको. शिवाय एकाच दिवशी आणलेल्या दोन्ही एसएसडी सारख्याच झिजतात, हे दुकानदार सांगत नाही.

म्हणून पिन हाती घेण्याआधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. पासवर्डच नसेल तर मोबाइलमध्ये आहेत ते मूळ फोटो आधी वेगळे काढा. ही दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर असू द्या. झिजलेली एसएसडी विजेविना महिनोन् महिने कपाटात राहिली, त्यातून आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा, तर आतलं विरू शकतं. ती हार्ड डिस्क पेटीला कायम जोडून ठेवू नका. महिन्यातून एकदा जोडा, उतरवा, काढा. माहेरी जाताना एखादी प्रत तिथे ठेवून आलात तर फारच छान.