घडाघडा वाचणाऱ्या मुलीचं वाचन एकदा तपासा

मुलगी संध्याकाळी धडा घडाघडा वाचून दाखवते आणि तुम्ही निर्धास्त होता. आता एवढं करा. चित्र हातानं झाका. शेवटच्या ओळीपासून एकेक शब्द उलट्या क्रमानं वाचायला सांगा.

‘भर’चं ‘मर’ झालं? ‘घर’चं ‘धर’ झालं? पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजानं ठोकून दिला? मग मघाशी तिनं धडा वाचला नव्हता, पाठ म्हटला होता.

रागावू नका, ही लबाडी नव्हे. डिस्लेक्सिया असेल तर अक्षर आणि आवाज यांची सांगड लवकर बसत नाही. त्याचा हुशारीशी संबंध नाही. उलट हुशार पोर पाठांतरावर दोन-तीन इयत्ता सहज निभावून नेतं.

त्यातून मुलगी असली की हे लक्षात यायला आणखी उशीर. मुलाला वाचता येईना की तो वर्गात दंगा करतो, बाई चिठ्ठी पाठवतात. मुलगी खाली मान घालून बसते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात संशोधक सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हेच दाखवलं. शाळांनी हेरलेल्यांत मुलगे कितीतरी जास्त होते. पण सगळ्यांची वाचनचाचणी घेतल्यावर मुलगे-मुलींत फारसा फरक उरला नाही. डिस्लेक्सिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढेही ‘तारे जमीन पर’ चित्रपटातला इशान, म्हणजे मुलगाच येतो!

शब्द लक्षात ठेवण्यात मुली सरासरीनं थोड्या पुढे असतात, हे खरं. पण सरासरी तुमच्या घरात राहत नाही. मुलाला क्रिकेट, मुलीला भातुकली असं ठरवून लक्षात ठेवायच्या युक्त्या वाटू नका. पोराला काय आवडतं ते बघा.

युक्त्या जरूर वापरा, पण अक्षर पक्कं करायला. ताटात रवा पसरा. बोटानं मोठा ‘ध’ काढायला लावा, काढताना मोठ्यानं म्हणायलाही. ‘घ’ आणि ‘म’ यांच्या डोक्यावरची रेघ सलग असते. ‘ध’ आणि ‘भ’ यांची डावीकडे तुटते, तिथं गाठ असते. ती गाठ कशासारखी दिसते, ते पोरालाच ठरवू द्या. शेंडी म्हणेल, जिलबी म्हणेल. स्वतःची खूण जास्त टिकते.

‘घ’ आणि ‘ध’ एकाच दिवशी शिकवू नका. रोज दहा मिनिटं पुरे. उद्या विचारा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. दहा-दहा वेळा लिहायची शिक्षा मात्र बंद.

तरीही अडत असेल तर तपासणी करून घ्या. मुंबईत महापालिकेच्या शीव रुग्णालयात ती होते. अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच प्रकार) दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. ‘पुढं लग्नात अडचण येईल’ म्हणून मुलीचा दाखला टाळू नका. परीक्षेत तीन तास तिला एकटीला काढायचे असतात.

तपासणीला जाताना श्रुतलेखनाची वही न्या. न सांगता घेतलेलं श्रुतलेखन असेल तर फारच उत्तम, तिथं पाठांतर चालत नाही.